डबीत काय आहे?

काल लेकीवर एक प्रयोग केला. वय वर्षे सव्वातीन.

१९८७ साली योझेफ पेर्नर आणि सहकाऱ्यांनी मुलांना स्मार्टीजच्या डबीत पेन्सिल दाखवली आणि विचारलं, बाहेर थांबलेल्या मित्राला आत काय असेल असं वाटेल? तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, पेन्सिल! चारच्या पुढे उत्तर सहसा बदलतं.

मी गोळ्यांच्या डबीत खडू ठेवला. "बाबाला काय वाटेल गं?"

"खडू!" एकदम ठाम.

हसले, आणि मग गप्पच झाले. परवा बालवाडीतून रडत आली होती. "काय झालं?" विचारलं तर आणखीच चिडली. मीही रागावले. तिला वाटत असणार, आईला माहीतच आहे!

आज जवळ घेतलं. "मला खरंच माहीत नाही गं," म्हटलं. मग हळूच सांगितलं तिने.