भुऱ्याची गुरगुर

मीरा, आपला कुत्रा भुऱ्या गेल्यापासून मनगटावरचा बारीक व्रण दाखवून तू विचारतेस, "आत्या, तो मला का चावला होता गं?" तुला खरं सांगायला हवं.

2014च्या मार्चमध्ये मेट्रो आपल्या पीण्यापर्यंत आली, त्याच सुमाराचा तुझा जन्म. खाली प्रेसची शेड, वर आपलं घर. मशिनांच्या धडधडाटात भुऱ्या जिन्याखाली गाढ झोपायचा. लाइट जाऊन मशिनं थांबली की मात्र दचकून उठायचा आणि अंग ताठ करून अंधारात बघत राहायचा. तेव्हा कुणी जवळ गेलं तर आधी तोंड फिरवायचा, ओठ चाटायचा, मग गुरगुरायचा. तुझ्या बाबांना ते खपत नसे. "घरच्यांवर गुरगुरतोस?" म्हणत चपलेनं मारायचे. हळूहळू त्याची गुरगुर थांबली. बाबा म्हणाले, सुधारला.

आयुधपूजेच्या आदल्या रात्री आम्ही सगळे शेडमध्ये झेंडूच्या माळा करत होतो. लाइट गेली. तू रांगत जिन्याखाली पोचलीस. गुरगुर कुणालाच ऐकू आली नाही, एकदम तुझी किंकाळीच.

तुझी आई हळद घेऊन धावली. आजीनं तिचा हात बाजूला सारला आणि तुझं मनगट नळाखाली धरून साबणानं चांगली पंधरा मिनिटं धुतलं. भुऱ्याला लस दिलेली होती, तरी लगेच दवाखान्यात नेलं, तुला लस आणि जखमेत सीरम टोचून घेतलं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही.

परत आलो तर बाबा भुऱ्याला तुमकूर रोडला सोडायला निघालेले. आजी दारात उभी राहिली. "तो सांगत होता तेव्हा त्याला मारलंस. आता न सांगता चावला, तर दोष त्याचा?"

बाबा बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एका रात्री मात्र भंगारातले अँगल काढून त्यांनी जिन्याखाली फाटक वेल्ड केलं. कडी मोठ्यांच्याच हाताला येईल इतकी उंच. तू आणि भुऱ्या एकत्र असलात की मध्ये मोठं माणूस हवंच, आणि मोबाइलवर बोलणारं माणूस आजी त्यात धरत नसे. त्याच्या झोपेत, जेवणात कुणी हात घालायचा नाही.

पुढं भुऱ्या पुन्हा गुरगुरायला लागला. तसं झालं की बाबा तुला उचलून मागं सरायचे, त्याला काही बोलायचे नाहीत. परवा त्याला पुरताना त्यांनी फावड्याला कुणाचा हात लागू दिला नाही.