ढाणकीचा वैशाख आणि दूरदेशीचा नाताळ

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. हरभऱ्यावरची घाटेअळी पाहण्यासाठी मी दोन दिवस ढाणकीच्या शिवारात फिरत होतो. मुक्काम एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे होता. पहाटे उठलो तेव्हा अंगणात शेकोटी पेटली होती. गेल्या सालच्या पऱ्हाट्या तडतडत होत्या आणि घरातले बाबा घोंगडी पांघरून जाळाला हात धरून बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण शिवारातला एकही धुरा त्यांच्या पायाखालून गेला नाही असे नाही.

इतक्यात सुनेने फोन आणून त्यांच्या हातात दिला. त्यांचा नातू ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात नोकरीला आहे. आपल्याकडे सकाळचे सात वाजले होते, तिकडे दुपारचे साडेबारा झाले होते. फोनच्या पडद्यावर पोरगा बनियनवर दिसत होता आणि कपाळावरचा घाम पुसत होता.

“आजोबा, आज नाताळ आहे, सुटी आहे. पण बाहेर पाय ठेवता येत नाही. पारा चाळीसवर गेला आहे.”

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. “साहेब, नाताळ म्हणजे थंडीचा सण ना? चित्रात तर बर्फ असते. मंग तिकडं ऊन काहून?”

मी सुनबाईंकडून एक लिंबू मागून घेतले. शेकोटी म्हणजे सूर्य आणि लिंबू म्हणजे पृथ्वी. लिंबू थोडे तिरके धरले. आपली पृथ्वी अशीच साडेतेवीस अंशांनी कललेली आहे आणि त्याच कलाने ती वर्षभर सूर्याभोवती फिरते. जूनमध्ये वरची बाजू, म्हणजे आपली, जाळाकडे झुकलेली असते. डिसेंबरमध्ये खालची बाजू झुकते. त्या वेळी सूर्य मकरवृत्तावर असतो आणि ते वृत्त ऑस्ट्रेलियाच्या मधूनच जाते. म्हणून आपण शेकोटीजवळ बसतो तेव्हा तिकडे गव्हाची कापणी उन्हात चालते. गंमत अशी, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत. म्हणजे ऊन ठरते ते अंतराने नव्हे, कलाने.

बाबा लिंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आपला वैशाख त्यायच्याकडं नाताळात येते.”

एवढे नेमके मला सांगता आले नसते.

वाचकहो, तो वैशाख मी ढाणकीत अनेकदा काढला आहे. ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्याचे बाजाराचे गाव. आता तिथे नगरपंचायत आहे, पण गावाचा जीव अजून शेतीतच आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाण्याची सोय असेल तिथे हळद. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्या काठाने अभयारण्याचे सागवानी जंगल. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा ऐकायला लोक लांबून येतात. वैशाखात मात्र नदी डोहाडोहांत आटून बसते. सागाची पाने गळालेली, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि सकाळी दहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मेच्या मध्यानंतर एके दिवशी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुढे रोहिणी नक्षत्र लागले की नवतपा. आमच्याकडे म्हणतात, नवतपा तापला तर पाऊस चांगला. पण तापतो तो माणसाच्या अंगावर, हे विसरून चालत नाही.

मी एकदा विसरलो होतो. ती गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मे महिना होता. खरिपापूर्वी सोयाबीनची उगवण तपासणी आणि बीजप्रक्रिया दाखवायची म्हणून मी त्या भागातल्या एका गावात सभा ठेवली. वेळ दिली सकाळी अकराची. पाहुणे उशिरा आले, हार-नारळ झाले, भाषणे झाली. प्रात्यक्षिक सुरू झाले तेव्हा साडेबारा वाजले होते आणि सभा संपायला दोन वाजले. वर टिनाचा मांडव. सभेला आलेला एक शेतमजूर परत आपल्या वाडीकडे पायी निघाला. अर्ध्या वाटेवर पळसाच्या झाडाखाली तो पडलेला सापडला. अंग तव्यासारखे तापलेले, डोळे उघडे, पण बोलणे भलतेच. बायकोलाही ओळखत नव्हता.

गावच्या आशाताई धावत आल्या. कोणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतायला निघाले होते, त्यांनी हात धरला. “शुद्धीत नाही माणूस, पाणी फुफ्फुसात जाईल.” मग त्याला सावलीत ओढले, सदरा काढला, रांजणातले पाणी अंगावर ओतले, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली आणि दोघींनी सुपांनी वारा घालायला सुरुवात केली. एकाने १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा थांबला नाही. माणूस वाचला. पण त्या खरिपात त्याला डवरा धरता आला नाही. दोन तास उभा राहिला की चक्कर येई. घरात मिळवता हात तोच होता.

दोष उन्हाचा नव्हता. उन्हाने आपली वेळ कधी लपवलेली नाही. सभेची वेळ मी ठरवली होती. त्यानंतर उन्हाळ्यात माझी सभा सकाळी सातला किंवा दिवे लागल्यावरच होते.

माणसाचे अंग घामाने निवते. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अंगातले पाणी-मीठ संपले, किंवा हवा इतकी दमट झाली की घाम वाळतच नाही, तर आतली उष्णता आतच राहते. म्हणून नुसता पारा पाहून चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईच्या खारघर येथे उघड्या मैदानावरच्या मोठ्या सोहळ्यात उन्हाने माणसे दगावली, तेव्हा पारा आपल्या विदर्भाच्या मानाने काही फार नव्हता. पण समुद्राकाठची दमट हवा आणि तासन् तास उन्हात बसणे नडले. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर ढग येतात, पारा थोडा उतरतो, पण कूलर काम देईनासा होतो. तेच दिवस फसवे. “आता ऊन कमी झालं” म्हणून त्या दिवसांत अंग झोकून काम करू नये.

आता ढाणकीची जाणती माणसे काय करतात ते पाहा. हळद शिजवायची असली की वरून सूर्य आणि खालून भट्टी अशा दोन आगी असतात. म्हणून ती पहाटे तीनला भट्टी पेटवतात आणि ऊन चढायच्या आत उरकतात. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायका अंधारात जंगलाची वाट धरतात आणि ऊन तापण्याआधी पुडे बांधायला घरी येतात. टिनाच्या छपरावर पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा थर पसरतात, नाहीतर चुना मारतात. पऱ्हाट्या टाकल्या तर मात्र चुलीचा धूर आणि ठिणगी यांपासून सांभाळावे. दाराला ओले पोते, डोक्याला ओला दुपट्टा, शिदोरीत ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे. यात पाणी आहे, मीठ आहे आणि गोडही आहे. घरात काहीच नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने वाढवू नये. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मिठाचे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हा मात्र भाबडा समज. कांदा भाकरीबरोबर खावा, खिशात पाण्याची आठवण ठेवावी.

आणखी एक. शहरातून सुटीत आलेला पोरगा पहिल्याच दिवशी नांगरटीला दिवसभर लावू नये. उन्हाच्या कामाची सवय व्हायला अंगाला आठ-पंधरा दिवस लागतात. पहिले काही दिवस थोडे-थोडेच काम द्यावे.

ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यापाशीही शिकण्यासारखे आहे. १८ डिसेंबर २०१९ रोजी त्या अख्ख्या देशाचे सरासरी कमाल तापमान ४१.९ अंश नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी नल्लारबोर येथे पारा ४९.९ वर गेला. तिथे उभे पीक वाळलेले असते आणि यंत्राच्या ठिणगीने रानच्या रान पेटते. म्हणून फार उष्ण वाऱ्याच्या दिवशी कापणी बंद ठेवण्याचा हुकूम निघतो. पीक हातातोंडाशी आलेले असते, तरी यंत्र थांबते. काम थांबवणे हाही शेतीचाच भाग आहे, हे त्यांना आगीने शिकवले. आणि सणाचे पाहा. नाताळचे गरमागरम जेवण त्यांचे पूर्वज थंड मुलखातून घेऊन आले. पण आता कितीतरी घरांत त्या दिवशी थंड पदार्थांचे ताट असते आणि माणसे समुद्रावर जातात. सण तोच, रीत मात्र ऋतूप्रमाणे बदलली.

आपलीही एक वस्तू त्यांनी नेली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात युरोपी गाई टिकेनात. तेव्हा १९३३ मध्ये अमेरिकेतून ब्राह्मण नावाची गुरे आणली. आणि अमेरिकेने ती जात तयार केली होती आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णाकाठच्या अशा वशिंडाच्या गुरांपासून. सैल कातडी, गळ्याची लोंबती पोळी, आखूड चकाकते केस, गोचिडाला न जुमानणारे अंग. ऊन सोसायची ही सगळी देणगी आपल्या मातीची. ढाणकीजवळच्या नांदेड भागातली लाल कंधारी तीच. भर दुपारी ती रवंथ करीत उभी असते, तेव्हा शेजारची संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते. संकरित गाय ठेवू नये असे नाही, पण ठेवली तर कोठ्याला सावली, दिवसभर पाणी आणि दुपारी अंगावर पाणी मारणे ही सोय करायलाच हवी.

शेकोटीजवळ एवढे बोलणे झाले. बाबांनी सगळे ऐकले, पण बोलले काही नाही. मला वाटले, म्हातारा माणूस, सोडून दिले असेल.

मेमध्ये त्यांच्या घरून नातीच्या लग्नाची पत्रिका आली. आमच्या भागात लग्न दुपारी बाराला लागते. वरात दीड तास उन्हात नाचते, लेकरे तहानेने रडतात आणि पंगती दोनला बसतात. या पत्रिकेत मुहूर्त गोरज होता. मी फोन केला. बाबा म्हणाले, “साहेब, गुरं घरी यायच्या वेळचा मुहूर्त आपल्या बापजाद्यांनीच काढून ठेवला हाय. तो आपण ऑस्ट्रेलियातून थोडाच आणला?”

मी लग्नाला गेलो. सूर्य मावळतीला गेला होता. मांडवाच्या दारात ओल्या फडक्याने गुंडाळलेले चार रांजण होते आणि प्रत्येकावर एक-एक पोरगा पाणी द्यायला बसवला होता. आशाताईही आल्या होत्या. त्यांना त्या दिवशी काहीच काम पडले नाही.