मापात पाप

आपल्याकडे काटा मारणाऱ्याला चोरापेक्षाही हलका मानतात. चोर निदान रात्री येतो, पकडला जाण्याची भीती बाळगतो. काटा मारणारा मात्र दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत लुटतो आणि वर त्याचा नमस्कारही घेतो. धान्य, कापड, जमीन यांची मापे आपल्याला ठाऊक आहेत. पण बँकेत, रेल्वेच्या आरक्षणात, वीजबिलात जो संगणक आपले व्यवहार नोंदवतो, त्याच्या कामाचे माप कोणते? आणि ते कोणाच्या हाती असते?

हा विज्ञान शाखेचा प्रांत, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु मला वाटते, हा प्रश्न यंत्राचा कमी आणि सचोटीचा जास्त आहे.

समजा, एखाद्या बँकेला संगणक घ्यायचा आहे. दारात चार विक्रेते उभे आहेत आणि प्रत्येकजण म्हणतो, माझेच यंत्र सर्वांत वेगवान. बँकेने विश्वास कोणावर ठेवावा? १९८०च्या सुमारास अमेरिकेत हीच परिस्थिती होती. अशा वेळी १ एप्रिल १९८५च्या 'डेटामेशन' या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक म्हणून छापले होते, 'अनामिक आणि इतर'. हे अनामिक म्हणजे जिम ग्रे. पुढे १९९८ साली त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ते स्वतः संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते; पण लेखावर नाव नसल्यामुळे ते माप कोणा एका कंपनीचे ठरले नाही.

त्यांनी सुचवलेली मुख्य चाचणी अगदी साधी होती. एक कल्पित बँक घ्यायची: १,००० शाखा, १०,००० रोखपाल, १ कोटी खाती. गिऱ्हाईक येते, पैसे भरते किंवा काढते. यंत्राने चार कामे करायची. खात्यातली शिल्लक बदलायची, रोखपालाची रक्कम बदलायची, शाखेची रक्कम बदलायची आणि झालेल्या व्यवहाराची नोंद लिहायची. चारही कामे झाली तर व्यवहार झाला. एक जरी राहिले तर काहीच झाले नाही असे धरायचे. असे व्यवहार एका सेकंदात किती होतात, ते मोजायचे. अवघड गणित नाही, चमत्कार नाही. रोजचे कंटाळवाणे काम, तेही लाखो वेळा आणि बिनचूक!

या मापातल्या दोन अटी मला फार आवडल्या. पहिली अट अशी, की शंभरातील पंचाण्णव व्यवहारांना एका सेकंदाच्या आत उत्तर मिळालेच पाहिजे. म्हणजे नुसती सरासरी चालणार नाही. सरासरी मोठी लबाड असते; नव्वद जणांना चटकन मोकळे करून दहा जणांना ताटकळत ठेवले, तरी ती चांगलीच दिसते. दुसरी अट अशी, की वेगाबरोबर खर्चही सांगायचा, आणि तोही पाच वर्षांचा. कोण किती धावला, एवढेच पुरेसे नाही. तेवढे धावायला त्याला काय पडले, हेही लिहायचे.

माप आले आणि पाठोपाठ पापही आले. काही कंपन्यांनी खिडकीपुढचे गिऱ्हाईक आणि त्याच्यापर्यंत जाणारे तारांचे जाळेच चाचणीतून वगळले आणि यंत्राला आतल्या आत व्यवहार चारून मोठमोठे आकडे जाहीर केले. रांगेतली माणसे काढून टाकली की कोणतीही कचेरी वेगवानच ठरणार! तेव्हा ऑमरी सर्लिन यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९८८ मध्ये आठ कंपन्या एकत्र आल्या आणि टीपीसी ही परिषद स्थापन झाली. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिचे पहिले माप, टीपीसी-ए, प्रसिद्ध झाले. चाचणी कशी केली याचा संपूर्ण अहवाल लोकांपुढे ठेवण्याची त्यात अट होती. पुढे त्रयस्थ तपासनीसही आले. तरीही १९९३ साली एका कंपनीवर आरोप झाला, की तिने केवळ या चाचणीत आकडा फुगावा म्हणून आपल्या प्रणालीत एक खास सोय घातली आहे. परिषदेने मग असल्या खास सोयींवर बंदीच घातली. दरम्यान १९९२ मध्ये टीपीसी-सी हे अधिक कठीण माप आले होते. त्यात बँकेऐवजी गोदामे आणि एकाऐवजी पाच प्रकारचे व्यवहार. १९९५ साली टीपीसी-ए निवृत्त झाले.

दुसरी एक गोष्ट याहून बोलकी आहे. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डिविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या डेटाबेस प्रणाली मोजून आकडे प्रसिद्ध केले. त्यानंतर विक्रीच्या करारात एक नवे कलम दिसू लागले: आमच्या परवानगीवाचून मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत. या कलमाला डिविट यांचेच नाव पडले आहे. माल विकत घ्या, पण तोलून पाहिलात तर बोलू नका!

माझे वडील मार्केट यार्डात मापाडी आहेत. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याकडे जाताना ते तोलतात. ते ना शेतकऱ्याचे, ना व्यापाऱ्याचे. त्यांना मी ही हकिकत सांगितली, तेव्हा डिविट यांच्या कलमावर ते म्हणाले, "नजरेनं तोलायला लागलं की गरिबाचाच माल हलका भरतो रे." मला वाटते, साऱ्या मापशास्त्राचे सार यात आहे. ज्याची ओळख आहे, वशिला आहे, त्याला मापाची गरज नसते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याला काट्याचाच आधार.

म्हणूनच परीक्षांविषयी आपण वर्गात आणि कट्ट्यावर जे बोलतो, ते मला पुरते पटत नाही. गुण म्हणजे काही विद्वत्ता नव्हे, हे खरेच. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मिळवलेले गुण आणि चाचणीपुरती घातलेली ती खास सोय यांत मला फारसा फरक दिसत नाही. पण म्हणून परीक्षाच नको, असे म्हणणाऱ्यांना मी विचारीन, की मग निवड कशावर होणार? नजरेवरच ना? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला इथे आणले ते बारावीच्या गुणपत्रिकेने. माझी शिफारस करणारे दुसरे कोणी नव्हते.

मात्र आपल्या गुणपत्रिकेत त्या दोन अटी नाहीत, याची खंत वाटते. निकाल नव्वद टक्के लागला की आपण फलक लावतो. मागे राहिलेले दहा कोण आणि का राहिले, ते कोणी लिहीत नाही. तेच साठ टक्के कोणी खासगी शिकवणी लावून मिळवतो, कोणी पहाटे वर्तमानपत्रे टाकून. खर्चाचा रकाना कुठेच नसतो.

माप कोणतेही असो, माणूस त्यातून पळवाट शोधणारच. टीपीसीच्या इतिहासातून मी शिकलो ते इतकेच, की पळवाट सापडली म्हणून त्या लोकांनी मोजणे सोडले नाही. नियम बदलले, तपासनीस नेमले, जुने माप मोडीत काढून नवे घडवले. मारला गेला म्हणून काटा फेकायचा नसतो. तो तपासून, पुन्हा शिक्का मारून चौकात ठेवायचा असतो.