जुळणारी रॅम

सेक्टर 39, चंदीगड. रविवार, रात्र.

इमटेक संस्थेजवळच्या आमच्या घरात लेकीचा पहिला गेमिंग पीसी आकार घेतोय. आज रॅम ठरवली. डीडीआर4 आणि डीडीआर5, दोन्हींना पिना 288च. पण खाच वेगळ्या जागी, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. तिच्या रायझन 5 7600 प्रोसेसरला एएम5 सॉकेटचा मदरबोर्ड लागतो, आणि त्यावर फक्त डीडीआर5 चालते. 32 जीबीच्या एका पट्टीऐवजी 16-16 ची जोडी घेतोय. त्यामुळे दोन्ही चॅनल वापरात येतात. 6000 एमटी/सेकंद वेगासाठी बायोसमध्ये एक्स्पो ही रॅमच्या वेगाची सेटिंग सुरू करावी लागेल. प्रत्येक भागामागचं कारण ती स्वतः शोधतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. महागड्या रॅमपेक्षा जुळणारी रॅम मोलाची. पैसे मोजण्याआधी मदरबोर्ड कंपनीची चाचणी झालेल्या रॅमची यादी जरूर वाचा.