हुंकार

गोष्ट सांगणाऱ्याची जितकी वाखाणणी होते, तितकी हुंकार देणाऱ्याची होत नाही. हा अन्यायच म्हणायचा! आजीची गोष्ट पुढे सरकते ती नातवाच्या हुंकारावर. तमाशातला सोंगाड्याही साथीदाराने टाकलेला शब्द झेलतो आणि त्यात स्वतःची भर घालून परत करतो. "छे, असं कुठं असतं?" म्हणून तो अडून बसला, तर बतावणी जागच्या जागी थंड होईल.

पण ही युक्ती केवळ हसवण्यापुरती आहे, असे मात्र समजू नका. अमेरिकेतील शिकागो शहरात जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ साली 'हल हाउस' ही समाजसेवी संस्था काढली, ती परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीतच. तेथे नेवा बॉइड खेळांतून समाजकार्य शिकवीत. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन १९३९ पासून एका सरकारी योजनेत नाट्यशिक्षणाचे काम पाहू लागल्या. समोरची मुले निरनिराळ्या घरांतली. त्यांच्यापुढे पाठ केलेली भाषणे काय कामाची? बाईंनी खेळ रचले. नसलेला चेंडू एकाने फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा. एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने त्याचा आरसा व्हायचे. पुढे १९५९ मध्ये 'सेकंड सिटी' ही गाजलेली विनोदी नाट्यमंडळी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी पॉल सिल्स हा बाईंचाच मुलगा. तेव्हा हसू मागून आले; आधी होती ती परक्या पोराला बोलते करण्याची गरज.

दिवाळी सरली की आमच्या गावाभोवती ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या पडतात आणि दोनचार नवी मुले वर्गात येऊन मागे बसतात. एकदा त्यांतला एक जण म्हणाला, "आमच्या घराला चाकं हायती." वर्ग खो खो हसला. पण पुढच्या बाकावरच्या एका मुलीने गंभीरपणे विचारले, "मग चाक मोडलं की घर कुठं थांबतं?" झाले! पोरगा तास संपेपर्यंत बोलत होता. बैल, पहाटेची थंडी, रस्त्यातच जन्मलेली धाकटी बहीण— सगळे त्याने सांगितले.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ मदतीचा तक्ता घेऊन आले. भले गृहस्थ! पण तक्त्यात घर पक्के की कच्चे, एवढेच दोन रकाने होते. चाकांच्या घराला तिसरा रकाना नव्हता.

कोणी म्हणेल, हुंकाराने मजुरी थोडीच वाढते? खरे आहे. शिवाय दुसऱ्याचा शब्द झेलणे म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे. सोंगाड्या राजाचा हुकूम "जी सरकार" म्हणून उचलतो आणि असा काही पुढे नेतो की, हुकमातला वेडेपणा साऱ्या गावाला दिसावा! आमच्या सत्यशोधकांनी जलशासाठी तमाशाचाच घाट निवडला, तो काही उगाच नव्हे.

मजुरी मागायला आधी तोंड उघडावे लागते. आणि ते उघडते, समोर कोणीतरी "बरं, मग?" म्हणणारे असेल तेव्हाच.