ढगांच्या समुद्रातलं बेट

अकोले तालुक्यातलं पाचनई गाव मागे पडलं की वाट चढणीला लागते. एका बाजूला अंगावर झुकलेली काळ्या कातळाची भिंत, पायाखाली पाण्याने गुळगुळीत झालेले दगड. पहिल्यांदा येणारा माणूस बुरूज-तटबंदी शोधत राहतो. हरिश्चंद्रगडाला तटाची फारशी गरजच नव्हती. उभे कडेच तटाचं काम करत आले.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. बेट मात्र आहे, ते हेच.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा कातळ घडला. अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या शिवेवर तो १,४०० मीटरहून उंच उभा आहे. माथ्यावर उगवतीकडे पडलेला पाऊस मुळा, प्रवरा, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेच्या कड्यावरून कोसळलेला अरबी समुद्राची वाट धरतो.

माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव देऊळ आहे. चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ च्या सुमारास, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच लिहिला. देवळाजवळच केदारेश्वराचं लेणं. आत कंबरभर पाणी आणि मधोमध पाच फुटांची पिंड. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा कोसळला की कलियुग संपलं, असं इथे सांगतात. प्रदक्षिणेला पाण्यात उतरलेल्या भाविकाचे मात्र दात वाजत असतात. पाणी भर उन्हाळ्यातही तसंच गार!

पश्चिमेला कोकणकडा. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला हा कडा पावसाळ्यात खालून ढगांनी भरतो. कोकण दिसेनासं होतं, उरतो पांढरा समुद्र आणि त्यातून वर आलेला कातळ. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे ढगांवर गोल इंद्रधनुष्य पाहिलं, त्यात स्वतःची सावलीही पाहिली. दख्खनच्या हवामानावरच्या त्याच्या निबंधात हे वर्णन आहे. तो १८३५ मध्ये इंग्लंडात छापला गेला. मराठीत याला इंद्रवज्र म्हणतात. जर्मनीतल्या ब्रॉकेन शिखरावर धुक्यात दिसणारी प्रचंड सावली आणि तिच्याभोवतीचं रंगीत कडं हा याच जातीचा चमत्कार. पाठीमागे सूर्य आणि समोर बारीक जलकणांचं धुकं, एवढं जुळून यावं लागतं.

कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने इंद्रवज्रासाठी सकाळीच तिथे पोचायला हवं. काठावर उभं राहून डोकावू नये. जाणते लोक पालथे पडून, सरपटत पुढे जातात आणि मग खाली पाहतात.