भिंगारातील स्कीची जोडी

भिंगारास बर्फ पडत नाही, हे वाचकांस सांगावयास नको. वैशाखात येथे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा गावी बर्फावर चालावयाची स्कीची जोडी माजघरात भिंतीस टेकलेली पाहून पाहुणे चकित होतात. ती आमच्या थोरल्या बंधूंची. ते दरवर्षी माघाच्या सुमारास गुलमर्गकडे जातात. ते परतल्यावर पुढील हिवाळ्यापर्यंत त्या जोडीची निगा राखणे हे आमचे काम.

स्की म्हणजे टोकाशी वर वळलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. उतारावरून त्या घसरतात हे उघड आहे. परंतु डोंगर चढावयाचा कसा? त्यासाठी तळास एक लवदार पट्टा चिकटवितात. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे, म्हणून त्यास अद्यापि कातडेच म्हणतात. हल्ली तो अंगोरा बोकडाच्या केसांचा, नायलॉनचा, किंवा दोहोंच्या मिश्रणाचा असतो. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवावा तर मऊ लागते, उलट फिरवावा तर केस उभे राहतात. तोच न्याय येथे. पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. आल्ताय पर्वतातील शिकारी तळास घोड्याचे कातडे कायमचेच मढवीत. आमच्या बंधूंस मात्र माथ्यावर ते सोलून काढून उतरावयाचे असते, म्हणून त्याच्या पाठीस पुनःपुन्हा चिकटणारा लेप असतो.

सारे मर्म या लेपात आहे. तो बर्फाने माखला की धरीत नाही. बंधूंच्या एका सोबत्याचे कातडे ऐन चढावर सुटले, तेव्हा सांज झाली होती. दोघे मांडीइतक्या बर्फातून पाय उपसीत काळोखात मुक्कामी पोहोचले. ही हकीकत आईच्या कानी गेली तेव्हापासून आमच्या कामावर तिची देखरेख असते.

आमच्या शेजारचे सुभेदारकाका हिमप्रदेशात नोकरी करून आलेले. लष्कराने १९४८ साली गुलमर्ग येथे स्कीची शाळा काढली. तीच पुढे हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. काकांनी आम्हांस पहिला धडा दिला तो असा: "कातडे उन्हात घालू नका, चुलीशी तर नकोच." ते सावलीत वाऱ्यावर वाळवावे, मग लेपावर जाळी लावून घडी करावी. धूळ वा मांजराचे केस एकदा लेपात बसले की निघता निघत नाहीत. भिंगारात खरा वैरी उन्हाळा. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेविल्यास लेप पाघळून कापडात मुरेल. म्हणून घडी माजघरात, पलंगाखालच्या ट्रंकेत राहते. आमचे आजोबा मोटेच्या चामड्यास तेल चोळून ते सावलीत ठेवीत, असे आई सांगते. मोट गेली, जपणूक तीच.

आता तळाची गोष्ट. नान्सेनने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले तेव्हा स्की लाकडी होत्या. आजचा तळ प्लॅस्टिकचा, तरी मेण त्यासही लागते. जुन्या इस्त्रीवर मेण टेकवून थेंब पाडावे व इस्त्री सारखी फिरवीत राहावे. धूर निघाला की ताप अधिक झाला समजावे. (कपड्यांची इस्त्री या कामी दिल्यास घरात काय होते, ते येथे लिहीत नाही.) पोलादी कडा कोरड्या पुसाव्या, एरवी पावसाळ्यात त्यांवर गंज चढतो. मेणाचा जाड थर उन्हाळाभर तसाच ठेवावा. तळ सुकत नाही.

पौषात तो थर खरवडणे हे सर्वांत जिकिरीचे काम. मेण अधिक राहिले तर लेप तळास धरीत नाही. म्हणजे घसरण्यासाठी केलेली तयारीच चढताना घात करते. आम्ही प्लॅस्टिकच्या पट्टीने पुनःपुन्हा खरवडतो, ब्रशाने झाडतो, आणि कातडे लावून पाहतो. मग आई येते, शेवटाकडचे टोक चिमटीत धरून जोराने ओढते, आणि ते सुटले नाही तरच पिशवी बांधू देते.